मंगळवारची पोटदुखी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी दवाखान्याचे शटर वर करतो न करतो, तोच पायरीवर एक आई आपल्या मुलाला घेऊन बसलेली दिसली. मुलगा बारा वर्षांचा, सातवीतला. अंगावर शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर आणि दोन्ही हात पोटावर.

"डॉक्टरसाहेब, याचं पोट बघा. उठल्यापासनं कळा येत्यात. चहाबी घेतला नाही."

मी तपासले. ताप नव्हता. पोट मऊ होते. कुठे दुखते म्हणून विचारले, तर त्याने बोट नेमके बेंबीवर ठेवले. रात्री झोप लागली होती, शौचाला साफ झाली होती, लघवीला जळजळ नव्हती. सहज जुने कार्ड काढून पाहिले. दोन महिन्यांत हा मुलगा चौथ्यांदा आला होता, आणि चारही तारखांचा वार मंगळवारच.

"मंगळवारी शाळेत काय असतं रे?" मी विचारले.

मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. आईनेच उत्तर दिले, "गणिताची चाचणी असती."

वाचकहो, हे वाचून तुम्हाला हसू आले असेल. पूर्वी मलाही यायचे. आता येत नाही, त्याचे कारण पुढे सांगतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या मुलाची पोटदुखी खोटी नव्हती. कोर्टाची तारीख असली की सकाळी तीनदा शौचाला जाणारी चांगली धट्टीकट्टी माणसे आपण पाहतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायने सुटतात, आतड्यांची हालचाल बदलते, आतड्यातल्या नसा जास्त हुळहुळ्या होतात. मेंदू आणि आतडी यांच्यामध्ये नसांची पक्की तार जोडलेली आहे. मोठा माणूस "मला टेन्शन आलंय" असे सांगू शकतो. मुलाला तो शब्द सापडत नाही, त्याला पोट सापडते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉन अ‍ॅपली नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने शाळेतल्या १,००० मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. दर दहा मुलांमागे साधारण एकाला अशी पुन्हा पुन्हा उठणारी पोटदुखी होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कोणताही आजार सापडला नाही. अ‍ॅपलींनी एक सोपी खूण सांगून ठेवली आहे. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका आत काही आजार असण्याचा संभव जास्त.

मात्र यावरून कोणी घरच्या घरी निदान करू नये. मुलाला रात्री झोपेतून जागे करणारी कळ, उजव्या बाजूला खाली सरकलेले दुखणे, ताप, हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, घटणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. अपेंडिक्सला मंगळवार-बुधवार कळत नाही, आणि त्याचे दुखणे बऱ्याचदा बेंबीपाशीच सुरू होते.

या मुलात तसे काही नव्हते. मी आईला समजावून सांगू लागलो. ती ऐकत होती, पण चेहरा वेगळाच झाला होता. माझे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "माझंबी असंच दुखायचं, डॉक्टरसाहेब. सातवीतच. वडलांनी तुमच्याकडंच आणलं होतं. तुम्ही जंताची गोळी दिली अन् म्हणालात, नाटकं करू नको, शाळेत जा."

मला ती आठवली नाही. तेव्हा मी गावात नवा होतो, दवाखान्यात गर्दी नव्हती, म्हणजे वेळ नव्हता असे म्हणण्याचीही सोय नाही. ती पुढे सांगत होती, "मग वार्षिकला गणितात नापास झाले. वडील म्हणाले, बास झाली शाळा. दोन वर्षांनी लग्न."

तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, हकीकत म्हणून सांगितले. पण ते तीन शब्द माझेच होते, आणि तेव्हापासून मंगळवारच्या पोटदुखीला मी हसत नाही.

नंतर ती जे म्हणाली, ते मी दर आठवड्याला कोणा ना कोणा पालकाच्या तोंडून ऐकतो. "मला कधी गणित जमलं नाही, याला तरी कुठनं येणार?" मी विचारले, "ताई, बचत गटाचा हिशेब कोण लिहितं?" म्हणाली, "मीच." पाच हजारांच्या कर्जाला महिना दोन टक्क्यांनी व्याज किती? मी वाक्य पूर्ण करायच्या आत उत्तर आले, "शंभर." तीन महिने थकले तर? "तीनशे, अन् वर दंड." ही बाई टक्केवारीत नापास झालेली!

आमच्या राहू बेटात ही गंमत घरोघरी आहे. दोन नद्यांमधला हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. टनाला साधारण शंभर किलो गूळ निघाला पाहिजे, हे गुऱ्हाळावरच्या माणसाला कागद-पेन्सिल न घेता कळते. २०२२-२३ च्या हंगामापासून उसाच्या एफआरपीसाठी १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरला गेला आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद चालतो. तेच बापे संध्याकाळी घरी मुलाच्या पुस्तकात दशांश अपूर्णांक दिसला की पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "हे तुझ्या सरांना विचार."

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ होती. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, तीही यायची. ते चौथी शिकलेले. मी डॉक्टर झालो तरी मला औटकी येत नाही. आणि आता सांगायला हरकत नाही, अकरावी-बारावीत मी जीवशास्त्राकडे वळलो त्यात गणित चुकवण्याचा भाग मोठा होता. सातवीच्या सहामाहीत मला गणितात ३१ गुण होते.

पाचवी ते आठवी हा गणितातला घाट आहे. चौथीपर्यंत पाठांतरावर गाडी निघते. पुढे व्यवहारी अपूर्णांक येतात, ऋण संख्या येतात, गुणोत्तर-प्रमाण येते, आकड्यांच्या जागी अक्षरे येतात. यातली एखादी पायरी मुलाची आजारपणात, लग्नसराईत किंवा ऊसतोडीच्या हंगामात सुटली, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या हलतात. आपल्याकडे वरच्या वर्गात गेले म्हणजे मागचे आले असे धरले जाते. ते खरे नसते. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत, २०२४ साली, देशातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. तुमचे मूल भागाकारात अडत असेल, तर ते एकटे नाही आणि मठ्ठही नाही. त्याची एक पायरी सुटलेली आहे.

भीती या सुटलेल्या पायरीवरच बसते. डोक्यात हिशेब करताना आपण मधले आकडे थोडा वेळ मनात धरून ठेवतो. हातचा एक, वर दोन, असे. ही मनातली पाटी फार लहान असते. अमेरिकेत मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली दाखवले, की गणिताची धास्ती घेतलेल्या माणसाची हीच पाटी काळजीने भरून जाते आणि आकड्यांना जागा उरत नाही. म्हणजे "येत होतं, पण पेपरात विसरलो" असे मूल म्हणते, तेव्हा ते बऱ्याचदा खरे बोलत असते. वरून पाठीत धपाटा घातला की पाटीवरची उरलीसुरली जागाही जाते.

मग करायचे काय? मी गणिताचा शिक्षक नाही. पण त्या मुलासाठी मी जे कागदावर लिहून दिले ते इथे सांगतो, औषधाच्या चिठ्ठीसारखे समजा.

पहिली गोष्ट, रविवारी तीन तास गणित नको. रोज वीस-पंचवीस मिनिटे, तीही ठरलेल्या वेळी. अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या कोणी एका दमात घेतल्या तर काय होईल? मनाचेही तसेच आहे. शिकलेले जसजसे विसरू लागते, तसतसे ते पुन्हा आठवून काढावे लागते, तेव्हा ते पक्के बसते.

दुसरी गोष्ट माझ्या सर्वांत आवडीची, कारण ती सातवीच्याच मुलांवर तपासली गेली आहे. आपल्याकडे मुले एका प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवतात. पहिली दोन डोक्याने, उरलेली अठरा हाताने. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांतल्या ७८७ मुलांवर एक प्रयोग केला. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या वर्गांना नेहमीसारखा एका प्रकारचा गृहपाठ, निम्म्यांना सरमिसळ गृहपाठ. महिन्याभराने न सांगता चाचणी घेतली. सरमिसळवाल्यांना सरासरी ६१ टक्के, दुसऱ्यांना ३८. कारण उघड आहे. परीक्षेत उदाहरणावर "हे नफा-तोट्याचे" अशी चिठ्ठी लावलेली नसते, कोणती रीत वापरायची ते ओळखण्याचाही सराव लागतो. म्हणून रोज दहा उदाहरणे करायची तर चार आजची, तीन मागच्या आठवड्यातली, तीन जुन्या धड्यांतली. हे मुलांना जड वाटते, चुका जास्त होतात, आणि घरचे म्हणतात पोरगे मागे चालले. महिनाभर कळ काढावी.

पुस्तकातले सोडवून दाखवलेले उदाहरण वाचून "समजलं" म्हणू नये. वाचावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर सोडवावे. जिथे पेन थांबते, तिथे आपल्याला येत नाही. ती जागा दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना दाखवावी. "मला काहीच येत नाही" असे म्हटले तर शिक्षक काय करणार? "इथे छेद सारखा का केला?" असे विचारले तर दोन मिनिटांत काम होते. माझ्याकडेही "सगळं अंग दुखतं" म्हणणाऱ्यापेक्षा बोट ठेवून दाखवणारा पेशंट लवकर बरा होतो.

आणि चुकलेले उदाहरण खोडरबराने पुसू नये. एक रेघ मारावी आणि शेजारी बरोबर करावे. तज्ज्ञ डॉक्टरकडे जाताना आपण जुने रिपोर्ट नेतो की नाही? चूक हा रिपोर्ट आहे. शिक्षकांनाही पायऱ्या दिसल्या तर पायऱ्यांचे गुण देता येतात.

आता माझ्या अखत्यारीतल्या गोष्टी. झोप. सहा ते बारा वयाच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराला ८ ते १० तास झोप लागते. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडची मुले दिवस मावळायच्या आत घरात येतात ते बरेच आहे, पण घरात आली की हातात मोबाईल येतो आणि अकरा वाजतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास सकाळी डोक्यात राहत नाही. झोपेतच मेंदू दिवसभराचे शिकलेले जागेवर लावतो.

न्याहारी. नुसत्या चहा-बटरवर गणिताचा तास काढायला लावू नये. शिळी भाकरी-दूध, शेंगदाण्याची चटणी-पोळी, काहीही चालेल. मुली वयात येताना रक्त कमी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना पंडुरोग आढळला. बारा ते चौदा वयाच्या मुलामुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर ते मूल फळ्याकडे पाहत असते पण तिथे नसते. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी दिली जाते, ती खिडकीबाहेर टाकू नये. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नये.

आणि डोळे. या मुलाला मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे केले, एक डोळा झाकायला लावला आणि तारखा वाचायला सांगितले. उजव्या डोळ्याने वाचल्या. डाव्याने ३ की ८ ते कळेना. बसतो शेवटच्या बाकावर! फळ्यावरचा अधिकचा वजा आणि आठाचा तीन झाला, तर उत्तर कसे येणार? चष्म्यासाठी पाठवले. तुमच्याही घरी कॅलेंडर आहे, आजच करून पाहा, दोन्ही डोळे वेगवेगळे. मुलाला अंधुक दिसते हे मुलाला माहीत नसते. त्याला वाटते, सगळ्यांनाच असे दिसते.

चष्मा लागला, झोप झाली, रोजचा सराव झाला, तरीही काही मुलांना लहान संख्यांची बेरीज बोटांवरच करावी लागते, ५२ आणि २५ मध्ये गोंधळ होतो, घड्याळ कळत नाही, बाकी विषयांत मात्र ती बरी असतात. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. हा आळस नव्हे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेत याची नोंद आहे, आणि रीतसर तपासणी होऊन सरकारी प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलती मिळतात. अशी मुले थोडी असतात. पण दहावीपर्यंत मार खात काढण्यापेक्षा सहावी-सातवीतच तपासणी झालेली बरी.

शेवटी पालकांचे तोंड. हे औषध सर्वांत अवघड. २०१५ साली शिकागोत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या आईवडिलांना स्वतःला गणिताची धास्ती आहे, त्यांची मुले वर्षभरात कमी शिकली, पण केव्हा? ते पालक गृहपाठाला वारंवार मदतीला बसत तेव्हा. धास्तीवाल्या पण गृहपाठात फारसे न पडणाऱ्या पालकांच्या मुलांवर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे गणित रक्तातून येत नाही, गृहपाठाच्या सतरंजीवरून येते. म्हणून त्या आईला मी सांगितले, "ताई, तुम्ही उदाहरण सोडवून देऊ नका. शेजारी शेंगा सोलत बसा आणि एवढंच विचारा, कसं केलंस ते मला सांग. आणि 'मला गणित येत नाही' हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा बोलू नका. ते खोटं आहे." गुणांचे विचारायचे तर वर्गातल्या दुसऱ्याचे विचारू नये, मागच्या चाचणीत किती होते ते विचारावे.

मुलाला मी एक खेळ दिला. नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही, पण आकड्यांचा नाद विलक्षण. त्यांनी १९४९ मध्ये जगाला दाखवलेली गंमत अशी. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा २, ३, ४, ५. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५. वजा करा, ३०८७. आता याच्या अंकांचे तसेच करा. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणतेही चार अंक घेतले तरी जास्तीत जास्त सात खेपांत तिथेच पोहोचतो. हातचा घेऊन वजाबाकी करण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही, आणि मुलाला तो अभ्यास वाटत नाही.

गोळी मी दिली नाही. शाळेत मात्र त्याच दिवशी पाठवले. भीतीने शाळा चुकवू दिली की पुढच्या मंगळवारी पोट जास्त दुखते. वर्गशिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी दिली, की याला पुढच्या बाकावर बसवावे आणि पोट दुखू लागल्यास दहा मिनिटे शांत बसू देऊन पुन्हा वर्गात घ्यावे. पुढच्या दोन मंगळवारी थोडे दुखले म्हणे. नंतर मला कोणी सांगायला आले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला, नाकावर चष्मा. आजारी तो नव्हता, धाकट्या बहिणीला ताप होता, आई सोबत होती. सहामाहीत गणितात ४४ मिळाले होते. चव्वेचाळीस म्हणजे काही फार नव्हेत. पण मागच्या वेळी २३ होते, हे त्याने स्वतःहून सांगितले.

बहिणीचे वजन भरले १२ किलो. तापाचे औषध मुलांना वजनावर द्यावे लागते, आणि बाजारात एकाच नावाच्या बाटल्या कमी-जास्त तीव्रतेच्या असतात, पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलीत २५०. जुन्या बाटलीचा अंदाज नव्या बाटलीला लावला तर डोस दुप्पट होतो. म्हणून मापाचे काम डॉक्टरकडेच ठेवावे. तरी मी कागद त्याच्याकडे सरकवला. किलोला १५ मिलिग्रॅम, आणि ही १२५ ची बाटली. किती मिली?

बराच वेळ लागला. बाहेर चार पेशंट खोळंबले होते. आईने मधेच काही बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. त्याने एकदा चुकवले, रेघ मारली, शेजारी पुन्हा मांडले. "सात पूर्णांक दोन."

मी माझ्या कागदावर पडताळले. बरोबर होते. चिठ्ठीवर '७ मिली' लिहिले.

"अन् ते दोन दशांश कुठं गेले?" त्याने विचारले.

मी त्याला औषधाचे झाकण दाखवले. त्यावर दशांशाच्या रेघा नसतात. त्याने झाकण चष्म्याजवळ धरून पाहिले, आणि मग म्हणाला, "मग सातच द्या."